मिटल्या डोळ्यांपुढे काहीच दिसत नसेल तर माणूस कमी स्वतंत्र ठरतो का?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, पण सुरुवात शिवणकामापासून करावी लागणार, तेवढं सांभाळून घ्या.

मी मिरजेत ब्लाउज शिवते. दोन मशिनी, हाताखाली एक मुलगी, सणासुदीला श्वास घ्यायला फुरसत नाही. मुलं हाताशी आल्यावर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुन्हा धरलं आणि आता बाहेरून तत्त्वज्ञानात एमए करतेय. (एमए करून काय करणार हे विचारू नका, सासूबाईंचं विचारून झालंय.) या सत्राला सार्त्र हा फ्रेंच तत्त्वज्ञ आहे आणि त्यात एक अख्खा घटक कल्पनेवर.

संपर्कवर्गात सर म्हणाले, डोळे मिटा आणि एक हापूस आंबा समोर आणा. सगळ्यांनी आणला. कुणाच्या आंब्याला देठाशी हिरवट झाक होती, कुणाच्या आंब्यावर काळा ठिपका. माझ्यापुढे अंधार. नेहमी असतो तोच. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. तसं बोलून दाखवलं तर सर म्हणाले, "मग सार्त्रच्या हिशेबानं तुमच्या स्वातंत्र्याचं काही खरं नाही बाई." वर्ग हसला, मीही हसले, पण परतीच्या एसटीत ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

कारण नोट्समध्ये मी उतरवून घेतलंय ते असं: समोर जे आहे त्याला जाणीव चिकटून बसलेली असती तर तिला कल्पना करताच आली नसती. कल्पना करायची तर आधी समोरच्या जगापासून मागे सरायला लागतं, 'हे नाही, दुसरं काहीतरी' असं म्हणता यायला लागतं. आणि असं मागे सरता येणं हेच स्वातंत्र्य. म्हणजे माणूस स्वतंत्र आहे म्हणून कल्पना करतो. हे मला पटतं, आवडतंही. पण मग ज्या बाईला आंबासुद्धा आणता येत नाही तिचं काय? आई गेल्यापासून तिचा चेहरा मी फोटोतच बघते. एरवी तो येत नाही म्हणजे येत नाही.

आता दुसरी बाजू सांगते. परवा एक गिऱ्हाईक पैठणी घेऊन आलं. साडीबरोबर आलेला पीस ८० सेंटीमीटरचा, काठ एकाच बाजूला, चारेक इंच रुंद. बाईंना काठ दोन्ही बाह्यांना हवा आणि पाठीच्या गळ्यालाही हवा, तोही गोल. मी कापड टेबलावर पसरलं आणि खडू न घेता नुसता तळवा त्याच्यावरून फिरवला. ही माझी सवय आहे. दोन बाह्यांना शिलाईच्या मायेसकट २६ इंच गेला की काठ राहतो पाचेक इंच, पाठीला पुरायचा नाही. मग काठ उभा चिरायचा, बुट्ट्यांच्या दोन ओळींच्या मधून, म्हणजे पट्टी दुप्पट लांब मिळते. पण सरळ पट्टी गोल गळ्याला वळत नाही, चुण्या पडतात. तेव्हा गळा चौकोनी. बाईंना तसं सांगितलं, त्या दोन मिनिटं फुरंगटल्या, मग हो म्हणाल्या. या सगळ्यात मला एकदाही काहीही 'दिसलं' नाही. पण जे ब्लाउज अजून जगात नव्हतं ते कुठे आखडणार हे कात्री लावायच्या आधी कळलं.

मग ही कल्पना आहे की नाही? चित्र नसेल तर तिथे असतं तरी काय? आणि एक राहिलंच: स्वप्नं मला पडतात, चांगली रंगीत पडतात. स्वप्नात आई दिसते. हे कुठे बसवायचं?

रात्रपाळी

ताई, तुम्ही एकट्या नाही. मी मनोविकार विभागात निवासी डॉक्टर आहे, त्यामुळे तत्त्वज्ञान इतरांवर सोपवतो आणि माहिती तेवढी देतो.

फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थानं १८८० मध्ये ओळखीपाळखीच्या लोकांना प्रश्नावली पाठवली होती. आज सकाळचं न्याहारीचं टेबल आठवा, ते किती स्वच्छ दिसतं, रंग दिसतात का, वगैरे. काहींनी भरभरून लिहिलं आणि काहींनी, त्यात शास्त्रज्ञ मंडळीही होती, कळवलं की आम्हाला असलं काही दिसत नाही. त्यानंतर हा विषय बराच काळ अडगळीत पडला. २०१० मध्ये अ‍ॅडम झीमन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञानं आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. हृदयाच्या रक्तवाहिनीवरच्या उपचारानंतर त्या माणसाची मनात चित्र आणायची क्षमता गेली होती. गंमत म्हणजे आकृत्या मनात फिरवून जुळवायच्या चाचणीत त्याची उत्तरं बरोबर येत होती. त्या नोंदीवरचा मासिकातला लेख वाचून लोक पत्रं लिहायला लागले की आमचं जन्मापासून असंच आहे. मग २०१५ मध्ये झीमननीच याला 'अफँटेशिया' असं नाव दिलं. शंभरात एक ते चार जण असे असावेत असा अंदाज सांगतात. हा आजार नाही, गोळी लागत नाही.

पिक्सार या कार्टूनपट काढणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, एड कॅटमल, यांनी स्वतः असं असल्याचं जाहीर सांगितलंय. म्हणजे ज्यांच्या कंपनीनं आख्ख्या जगाच्या पोरांना खेळणी बोलताना दाखवली त्यांना डोळे मिटल्यावर काही दिसत नाही.

आणि तुमच्या स्वप्नांबद्दल: २०१५ च्या त्याच नोंदीत यातल्या बऱ्याच जणांनी स्वप्नात चित्रं दिसतात असं कळवलं होतं. म्हणजे यंत्रणा आहे, हुकमी चालत नाही एवढंच. आणखी एक. लख्ख प्रकाशाची कल्पना केली तरी बहुतेकांची बाहुली किंचित आकसते. अफँटेशिया असलेल्यांची आकसत नाही, असं ऑस्ट्रेलियातल्या एका गटाला २०२२ मध्ये आढळलं. तेव्हा कोणी 'तुझे मनाचे खेळ आहेत' म्हणालं तर हे सांगा.

तिरकस

पतंजलींनी विकल्पाला, म्हणजे ज्याच्यामागे वस्तूच नाही अशा शब्दज्ञानाला, मनाच्या पाच वृत्तींत घातलंय आणि योग म्हणजे वृत्तींचा निरोध, म्हणजे त्या थांबवणं. ताईंचा अर्धा निरोध जन्मतःच झालेला आहे. एमए सोडा, मठ काढा. आम्ही वर्गणी देऊ.

जुना फळा

तिरकसराव, मठ नंतर. आधी सार्त्रला त्याच्यावरच्या आरोपातून सोडवू.

सुईदोरा, तुमच्या सरांनी चेष्टा केली असेल, पण चेष्टेत त्यांनी सार्त्रच्या तोंडी नेमकं ते घातलंय ज्याच्याविरुद्ध तो १९२७ च्या विद्यार्थीदशेतल्या प्रबंधापासून कल्पनेवरच्या १९४० च्या पुस्तकापर्यंत भांडत होता. मी कोकणातल्या एका कॉलेजात हा विषय शिकवून निवृत्त झालो. पोरांच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी हीच समजूत उतरायची: मन म्हणजे एक खोली, तीत चित्रं टांगलेली, आणि कल्पना करणं म्हणजे त्या खोलीत डोकावून येणं. ही समजूत ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या वळणाची आहे. त्याच्या लेखी मनातली प्रतिमा म्हणजे फिका पडलेला अनुभव. सार्त्र ही खोलीच पाडून टाकतो. बर्लिनला गेलेल्या माझ्या मित्राचा, पिएरचा, मी विचार करतो तेव्हा माझ्या आत कोणी छोटा पिएर उभा नसतो. माझी जाणीव त्या बर्लिनमधल्या हाडामासाच्या पिएरकडेच वळलेली असते, फक्त 'तो इथे नाही' अशा रीतीनं वळलेली. प्रतिमा ही वस्तू नव्हे, वळण्याची एक रीत आहे.

याचा पुरावा म्हणून तो आलँ या फ्रेंच तत्त्वज्ञाचा एक जुना दाखला घेतो. पॅरिसमधला पाँतेऑं डोळ्यांपुढे आणता येतो म्हणता ना? मग त्याचे खांब मोजा बरं. मोजता येत नाहीत. खरी इमारत असती तर जवळ जाऊन मोजले असते. प्रतिमेत मात्र तुम्हाला आधी माहीत असतील तेवढेच खांब. तुमच्या वर्गातल्या आंब्यांचंही तेच झालेलं असणार. ज्यानं देठाशी हिरवा आंबा 'पाहिला' त्यानं तो आधीच ठरवलेला होता. आंब्यानं त्याला नवीन काही सांगितलं नाही. सार्त्र याला निरीक्षण म्हणत नाही, निरीक्षणाचा आभास म्हणतो.

आता चित्र नसेल तर असतं काय, हा तुमचा खरा प्रश्न. सार्त्रचं म्हणणं, गैरहजर वस्तूकडे वळायला जाणिवेला काहीतरी आधार लागतो. तो आधार फोटो असू शकतो, रेखाटन असू शकतं, नकलाकार असू शकतो. त्या पुस्तकात फ्रँकोने नावाच्या नकलाकार बाईचं उदाहरण आहे. ती ठेंगणी, जाडसर, काळ्या केसांची, आणि नक्कल करते मोरीस शेवालिये या गायक-नटाची. तिरकी टोपी आणि पुढे काढलेला ओठ एवढ्या दोन खुणांवर प्रेक्षकाला शेवालिये सापडतो. बाई दिसायची थांबत नाही, आणि तरी समोर शेवालिये असतो. बाहेर काहीच आधार नसेल तेव्हा आपण आतला वापरतो: वस्तूबद्दल जे ठाऊक आहे ते, तिच्याविषयी जे वाटतं ते, आणि शरीराच्या बारीक हालचाली. डोळ्यांच्या हालचाली, बोटांच्या हालचाली. हे मी पदरचं सांगत नाही, त्याचं त्या हालचालींवर चांगलं लांबलचक प्रकरण आहे.

आता तुमचा तळवा आठवा. खडू न घेता पैठणीवरून फिरलेला. तुम्हाला चित्र लागलं नाही कारण तुमचा आधार तळव्यात होता. न शिवलेलं ब्लाउज तुमच्या हातानं गाठलं.

पण मी इथे तुम्हाला गोड गोड बोलून पाठवणार नाही. १९४० च्या पुस्तकात एक अडचण आहे. सार्त्र तिथे नुसतं जाणणं आणि प्रतिमेतून गाठणं असा फरक करतो. सहस्रकोन म्हटलं की मला अर्थ कळतो, पण त्याचे हजार कोन डोळ्यांपुढे येत नाहीत. हे उदाहरण देकार्त या तत्त्वज्ञाचं, १६४१ चं. या दोन गोष्टी वेगळ्या, हे सार्त्रला मान्य आहे. तेव्हा एखादा कडक परीक्षक म्हणेल की सुईदोरांचं काम हे नुसतं जाणणं झालं, कल्पना नव्हे. आणि स्वातंत्र्याची गाठ सार्त्रनं कल्पनेशी मारली आहे. मग?

मग सार्त्रचं १९४३ चं पुस्तक, 'बीइंग अँड नथिंगनेस', उघडायचं. तिथे तोच पिएर पुन्हा येतो, किंवा येत नाही. कॅफेत चार वाजता भेटायचं ठरलंय, मी उशिरा पोचतो, आत नजर टाकतो, पिएर नाही. टेबलं, आरसे, धूर, माणसं, सगळं मागे सरतं आणि त्याचं नसणं त्या जागेवर पसरतं. नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टनही त्या कॅफेत नाही, पण त्याचं नसणं मला जाणवत नाही, कारण मी त्याची वाट बघत नव्हतो. इथे चित्राची गरजच उरलेली नाही. वाट बघता येणं, प्रश्न विचारता येणं, 'नाही' म्हणता येणं पुरतं. नकार आणि स्वातंत्र्य यांची गाठ तशीच आहे, पण मधला प्रतिमेचा टेकू सार्त्रनं स्वतःच काढून घेतलाय. 'पाठीला काठ पुरणार नाही' हे तुमचं वाक्य त्या कॅफेतल्या वाक्याच्या घरातलं आहे.

अवांतर: आपल्याकडे या 'नसण्यावर' कितीतरी आधी खल झालेला आहे. जमिनीवर घडा नाही हे कळतं कसं? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतात, प्रत्यक्षानंच कळतं. कुमारिल भट्टांचे अनुयायी भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात, त्याला अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे ज्ञानाचं वेगळं साधन लागतं. मीमांसकांचाच दुसरा गट, प्राभाकर, म्हणतात, अभाव बिभाव काही नाही, दिसते ती मोकळी जमीन. आणि एक अट घातलेली: जी वस्तू असती तर दिसलीच असती तिचंच न दिसणं मोजायचं. पिशाच दिसलं नाही म्हणून पिशाच नाही असं म्हणता येत नाही. फरक असा की आपल्या मंडळींना प्रश्न ज्ञानाचा होता. त्यातून स्वातंत्र्य काढायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ते सार्त्रनं काढलं.

आता स्वप्न. तुमच्या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, 'राहिलंच' म्हणून लिहिलीत. सार्त्रच्या मते स्वप्नात जाणीव स्वतःच्याच प्रतिमांच्या कैदेत सापडते. तिथे मागे सरायला जग उरलेलं नसतं. पळावं म्हटलं तर पाय उचलत नाहीत, दार उघडलं तर पुढे आणखी दार. पुढे काय होणार यात आपली निवड नाही, सगळं अटळ. म्हणजे बघा: रात्री तुमच्याकडे रंगीत चित्रं असतात आणि मोकळीक नसते. दिवसा चित्र एक नाही, आणि गिऱ्हाइकाच्या गोल गळ्याचा तुम्ही चौकोनी करता. चित्र आणि मोकळीक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत याचा याहून चांगला दाखला मला इतकी वर्षं शिकवून सापडला नव्हता. तुमच्या सरांना सांगा, फुकट देतोय.

बुलेटचा बाप

वाचतोय. फळा सर, छान लिहिलंय, पण मी उलटा माणूस आहे आणि मला हे स्वातंत्र्य वगैरे पटत नाही.

माझ्या मुलानं बुलेट घेतली. रात्री कंपनीतून निघाला की त्याचा मेसेज येतो, 'निघालो'. तिथून घरी येईपर्यंतचा वेळ मी गच्चीत काढतो. सुईदोरा ताई, तुम्हाला आंबा दिसत नाही. मला सगळं दिसतं. डंपरचे मागचे लाल दिवे दिसतात, हेल्मेट घरंगळत दुभाजकाला लागलेलं दिसतं, इस्पितळाची फरशीसुद्धा दिसते, तिच्यावरचे पांढरे-काळे ठिपके. मी यातलं काहीही मागवलेलं नसतं. बायको म्हणते विचार करू नका. विचार मी करतच नाहीये हो, तो होतोय!

यात मी जगापासून मागे सरून स्वतंत्र झालो म्हणता? मी तर गच्चीत अडकलोय. ज्याला कल्पना नाही तो सुखी. ताई, अदलाबदल करायची का?

जुना फळा

बुलेटचे बाप, तुमच्यासाठी सार्त्रकडे एक बारीक फरक आहे. प्रतिमा आपणहून उमटते, पण आपणहून उमटणं आणि इच्छेनं आणणं एक नव्हे. मनाला चिकटलेल्या विचाराबद्दल तो लिहितो की माणूस जितका त्याला हाकलू बघतो तितका तो हाकलण्याच्या प्रयत्नातच पुन्हा उभा राहतो. चोर आत शिरू नये म्हणून जागणाऱ्याला सारखा चोरच आठवणार.

सार्त्रला स्वतःला याचा अनुभव होता. १९३५ मध्ये, कल्पनेवरचं लिखाण चालू असतानाच, त्यानं पॅरिसच्या सँत-आन इस्पितळात दानिएल लागाश या डॉक्टर मित्राकडून मेस्कलिन टोचून घेतलं, भ्रम आतून कसे असतात ते बघायला. नंतर कित्येक दिवस खेकडे मागे लागल्यासारखे वाटत होते. तेव्हा 'कल्पना म्हणजे स्वातंत्र्य' लिहिणारा माणूस भाबडा नव्हता.

आणि तो असंही म्हणतो की कल्पना हवेतून येत नाही. विशिष्ट जागी उभा असलेला माणूस विशिष्ट जगाला नकार देतो तेव्हाच ती येते. तुमच्या डंपरमागे तुमचा मुलगा आहे, आपल्याकडचे रस्ते आहेत. पुढे १९४५ मध्ये मेर्लो-पाँती या त्याच्या समकालीन फ्रेंच तत्त्वज्ञानं सार्त्रला याच मुद्द्यावर धरलं: स्वातंत्र्य आधीच अर्थ लागलेल्या परिस्थितीतून चालतं, कोऱ्या पाटीवरून नाही. मला विचाराल तर मी या बाबतीत मेर्लो-पाँतीकडे झुकतो. सार्त्र वाचून झाल्यावर तोही वाचा.

रात्रपाळी

बुलेटचे बाप, डॉक्टर म्हणून एकच: झोप उडत असेल, रोज असं होत असेल तर तत्त्वज्ञानाच्या धाग्यावर थांबू नका, कुणाला तरी दाखवा. यावर उपचार आहेत आणि चांगले आहेत.

लोकलवाला चेन्नई

आम्ही चेन्नईत स्थायिक. अरक्कोणमच्या लोकलनं जाताना तिरुनिन्रवूर लागतं. तिथे शंकराचं एक देऊळ आहे, हृदयालीश्वराचं. त्याची गोष्ट पेरियपुराणात, म्हणजे शिवभक्तांच्या चरित्रांच्या तमिळ ग्रंथात, येते, इथे सगळ्यांना ठाऊक असते.

पूसलार नावाचा एक गरीब भक्त. त्याला देऊळ बांधायचं होतं, पैसा मिळेना. म्हणून त्यानं मनात बांधायला घेतलं. पण कसं? मनातच आहे म्हणून एका फुंकरीत नाही. आधी मनात पैसा गोळा केला, दगड जमवले, पाथरवट बोलावले, मुहूर्त बघून पाया घातला. रात्र रात्र जागून एकेक थर चढवला. कळस, विहीर, तळं, कोट. शेवटी प्रतिष्ठेचा दिवस ठरवला. नेमक्या त्याच दिवशी कांचीला पल्लव राजाच्या दगडी देवळाची प्रतिष्ठा होती. शंकर राजाच्या स्वप्नात जाऊन म्हणाला, तुझा दिवस पुढे ढकल, मला पूसलारच्या देवळात जायचंय. राजा शोधत शोधत तिरुनिन्रवूरला आला तर गावात देऊळ कुठेच नाही.

मला यातला भक्तीचा भाग बाजूला ठेवून वेगळंच आवडतं. पूसलारवर कुणाची सक्ती नव्हती. वाटलं असतं तर दुपारपर्यंत कळस चढवता आला असता. तरी तो पायापासून सुरू करतो आणि दगड दगडावर बसेल याची काळजी घेतो. सार्त्रच्या प्रतिमेत खांब मोजता येत नाहीत म्हणता. पूसलारला त्याच्या देवळाचे खांब पाठ असणार, कारण त्यानं ते एकेक करून उभे केले होते.

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लग्नाच्या ऑर्डरी होत्या म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

बुलेटचे बाप, अदलाबदल नको. मला लाल दिवे दिसत नाहीत, पण धाकटी क्लासहून यायला उशीर झाला की पोटात गोळा येतोच. तो चित्राशिवायही येतो.

फळा सर, कॅफेचं पटलं, स्वप्नाचं तर फारच. पण एका ठिकाणी मी अडून बसलेय. सार्त्र म्हणतो प्रतिमा नवीन काही शिकवत नाही, जे आधी घातलं तेवढंच हाती येतं. चेन्नईच्या दादांची गोष्ट वाचून माझी शंका आणखी घट्ट झाली. मला काठ पुरणार नाही हे आधी माहीत नव्हतं. कापड ८० सेंटीमीटर आहे हे माहीत होतं, बाहीचा घेर माहीत होता, सरळ पट्टी गोलाला वळत नाही हेही माहीत होतं. पण ह्या ब्लाउजला गळा चौकोनीच लागणार, हे तळवा पाठीच्या भागावर आला तेव्हा कळलं. त्याच्या आधीच्या मिनिटाला मीही बाईंसारखी गोलच धरून चालले होते. मग हे नवीन नाही तर काय? आणि हे नवीन असेल तर 'निरीक्षणाचा आभास' हा शब्द माझ्या टेबलापुरता तरी खोटा पडतो.

आणखी असं वाटतं की माझी मोकळीक कापडानं अडवली तिथेच कामाला आली. पीस दोन मीटरचा असता तर मी मुकाट्यानं गोल गळा शिवून दिला असता.

उत्तरपत्रिकेत हे लिहिलं तर मार्क जातील का?

जुना फळा

सार्त्रचा वकील म्हणून एक बचाव करून बघतो: तुमचा हात खऱ्या कापडावर होता. तेव्हा तुम्हाला शिकवलं ते समोरच्या काठानं, प्रतिमेनं नव्हे. पण हा बचाव फार टिकत नाही, कारण जे अडलं ते समोर पसरलेलं कापड नव्हतं, न शिवलेली पाठ होती.

शिवाय तुमच्या बाजूनं एक प्रयोग उभा आहे. १९७१ मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, या दोन्ही एकच आहेत का, नुसत्या फिरवलेल्या? एक आकृती दुसरीपेक्षा जितकी जास्त अंशांनी फिरलेली, तितका उत्तराला वेळ जास्त, अगदी प्रमाणात. म्हणजे लोक मनात ती खरंच फिरवत होते आणि फिरवून झाल्यावर त्यांना असं काही कळत होतं जे फिरवण्याआधी कळलेलं नव्हतं. पाँतेऑंच्या खांबांवर सार्त्र बरोबर आहे, ठोकळ्यांवर नाही. मला वाटतं त्याचा दोष उदाहरण निवडण्यात झाला. त्यानं बघून विसरलेल्या इमारतीची प्रतिमा घेतली, करायला घेतलेल्या वस्तूची घेतली नाही. कॅफेत बसणाऱ्या माणसाकडून ते थोडं अपेक्षितच आहे.

मार्क जाणार नाहीत. आधी सार्त्रचं म्हणणं त्याच्याच क्रमानं नीट मांडा: प्रतिमा ही वस्तू नव्हे, निरीक्षणाचा आभास, वस्तू 'नाही' म्हणून समोर येणं, आपणहून उमटणं. हे चार मुद्दे आले की परीक्षक खूश. मग १९४३ चा कॅफे. आक्षेप शेवटच्या पानावर, आणि पैठणी नावानिशी घाला, 'समजा एक शिंपी' असं मोघम लिहू नका. मी पेपर तपासत होतो तेव्हा अशा उत्तरासाठी पुरवण्या शेवटपर्यंत वाचायचो.

तिरकस

मठाचं काय झालं?

सुईदोरा

तिरकस भाऊ, मठाच्या कफन्या शिवून देईन. कापड तुमचं, शिलाई आगाऊ.